बोया बुडतो कशाने? : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

या वेळच्या टपालात छोट्या खुणेच्या बोयांबद्दलचे (पाण्यातली जागा ओळखायला तळाच्या वजनाला दोराने बांधून तरंगत ठेवतात ते) प्रश्न इतके होते की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. बहुतेक पत्रांत तक्रार बोयाची आहे आणि दोष दोराचा किंवा वजनाचा आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाला जरा ऐसपैस जागा दिली आहे.

प्रश्न : देवगडजवळ खडपावर (पाण्याखालच्या खडकावर) आमची गरवायची, म्हणजे गळाने मासे धरायची, जागा आहे. ओहोटीला तिथे १० मीटर पाणी असते. खुणेसाठी १२ किलोचा काँक्रीटचा ठोकळा, ६ मि.मी. जाडीचा १४ मीटर नायलॉनचा दोर आणि ५ लिटरचा रिकामा कॅन असा बोया टाकला. उधाणाच्या दिवसांत तो दोन-दोन तास दिसत नाही, मग आपोआप वर येतो. म्हणून १० लिटरचा कॅन लावला. तो बुडाला नाही, पण तिसऱ्या दिवशी दोनशे मीटर लांब सापडला. चुकतेय कुठे?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आधी बोया कोणत्या वेळी गायब होतो ते पाहा. पूर्ण भरतीला दिसेनासा होत असेल तर दोर आखूड आहे. भरती-ओहोटीच्या मधल्या वेळी, म्हणजे पाणी जोरात वाहत असताना दिसेनासा होत असेल, तर प्रवाह त्याला दाबतो आहे. वेळ काढायला आपला जुना हिशेब पुरेसा आहे : तिथीची पाऊणपट. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण. तिथून तीन तासांनी, दोन-सव्वादोनला, ओहोटीचा ओढ सर्वांत जास्त. बोया दीड ते साडेतीन गायब आणि अकरा वाजता मात्र दिसतो, असे असेल तर दुखणे ओढाचे आहे. तुमच्या वर्णनावरून तेच दिसते, कारण देवगडकडे उधाणाला पाणी अडीच मीटरच्या आसपास चढते. १० मीटरचे साडेबारा झाले तरी १४ मीटर दोर पुरतो.

आता प्रवाह नक्की कशाला ढकलतो? सगळ्यांची नजर कॅनवर जाते. ५ लिटरचा कॅन पूर्ण बुडाला तर त्याची प्रवाहासमोरची बाजू सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर. दोर मात्र १४ मीटर लांब आणि ६ मि.मी. रुंद, म्हणजे ८४० चौरस सेंटिमीटर. कॅनच्या जवळजवळ तिप्पट! सेकंदाला एक मीटर (सुमारे दोन नॉट) ओढ असेल तर कॅनवर दीड किलोच्या आसपास जोर येतो आणि दोर आडवा सापडला तर त्याच्यावर पाचेक किलो. दोराच्या जोरातला निम्मा वाटा वरच्या टोकाला, म्हणजे कॅनला, पेलावा लागतो. म्हणजे कॅनला आडवे ओढणारे चार किलो आणि वर धरणारे पाच किलो. दोर कलतो, कलला की त्याची उभी उंची कमी होते. हिशेब केला तर १४ मीटरच्या दोराचे वरचे टोक तळापासून पावणेअकरा-अकरा मीटरवर येते, आणि त्या वेळी पाणी असते सव्वाअकरा. बोया पाण्याखाली अर्ध्या मीटरवर शांतपणे उभा असतो, तुम्ही वर त्याला शोधत असता. आणि ओढ दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणूनच भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत तोच बोया काही कुरकुर करत नाही.

दुसऱ्या वेळी काय झाले? १० लिटरचा कॅन बुडाला नाही हे खरे, पण काँक्रीट पाण्यात ४० टक्क्यांहून जास्त हलके होते. तुमचा १२ किलोचा ठोकळा तळाशी जेमतेम ७ किलोचा. १० लिटरचा कॅन लाटेने खेचला की १० किलोपर्यंत वर उचलू शकतो. प्रत्येक लाटेला ठोकळा उचलला जायचा, प्रवाह त्याला एक पाऊल सरकवायचा. तीन दिवसांत दोनशे मीटर म्हणजे फार नाही झाले.

नियम असा धरा : तळाच्या वजनाचे *पाण्यातले* वजन बोयाच्या पूर्ण तरंगशक्तीच्या दुप्पट हवे. पाण्यातले वजन काढायला : शिसे शेकडा ९ ने हलके होते, लोखंड १३ ने, काळा दगड सुमारे ३५ ने, काँक्रीट ४० ते ४२ ने आणि वीट निम्म्याहून जास्त. वीट स्वस्त म्हणून पोत्यात भरून टाकणारे बरेच आहेत. ते पोते तळाशी उशीसारखे पडून असते.

तुमच्यासाठी मांडणी अशी : कॅन ५ लिटरचाच ठेवा. दोर ४ मि.मी. चा घ्या आणि २० मीटर सोडा. दोर सहा मीटरने वाढला, पण प्रवाहाला अडणारा पृष्ठभाग ८४० वरून ८०० चौरस सेंटिमीटरवर आला. तेवढ्याच ओढात आता वरचे टोक साडेपंधरा मीटरपर्यंत पोचू शकते, म्हणजे साडेबारा मीटर पाण्यात बोया आरामात वर राहतो. ठोकळा तोच, पण ठोकळा आणि दोर यांच्यामध्ये ८ मि.मी. ची दोन मीटर साखळी टाका. तिचे पावणेतीन किलो वजन आहेच, शिवाय लाटेचा पहिला झटका साखळी उचलण्यात खर्च होतो, ठोकळ्यापर्यंत जात नाही. खडपावर दोर घासून तुटतो तोही तळाच्या दोन मीटरांतच, तिथे साखळी असली की हा प्रश्नही मिटला. ४ मि.मी. चा दोर हाताला कापतो, तेव्हा ओढताना हातमोजे घाला.

एक वजाबाजू सांगितली पाहिजे. ओहोटीला पाणी थांबले की २० मीटर दोरावरचा बोया १० मीटर पाण्यात चारी बाजूंना १७ मीटरपर्यंत भटकू शकतो. खुणेच्या बोयाला हे परवडत नसेल तर दोर बोयाला बांधू नका. बोयाच्या खाली गुळगुळीत स्टीलची कडी लावा, दोर कडीतून ओवून घ्या आणि मोकळ्या टोकाला अर्धा किलो शिसे बांधा. पाणी थांबले की शिसे ढिला दोर खाली खेचून घेते आणि बोया ठोकळ्याच्या डोक्यावर येतो. ओढ सुरू झाला की शिसे वर येऊन कडीला अडकते, पूर्ण २० मीटर दोर मिळतो. दोर ओहोटीच्या खोलीच्या दुपटीहून लांब ठेवू नका, नाहीतर शिसे तळाला टेकून गुंता होतो. दोर पिळाचा नको, विणलेला हवा. पिळाचा दोर उलगडताना शेजारच्या दोराला वेढे घालतो. ही युक्ती दोन-चार दिवसांसाठी उत्तम. महिनाभर ठेवला तर शेवाळ आणि शिंपल्यांनी दोर खरखरीत होतो आणि कडीत अडकून बसतो.

प्रश्न : उजनीच्या पाण्यात कायाकवरून गळाने मासे धरतो. फिशफाइंडरवर मासे दिसले की टाकायचा छोटा बोया घरीच केला : प्लॅस्टिकच्या गोल बाटलीला सुतळी गुंडाळून टोकाला वजन. वजन तळाला टेकले तरी बाटली फिरतच राहते, सगळी सुतळी सुटते आणि वाऱ्याने बोया कुठल्या कुठे जातो.
— एक वाचक, इंदापूर

उत्तर : बाटली गोल आहे, तेच चुकले. असा बोया वजन खाली जाताना स्वतःभोवती फिरून दोरी सोडतो, आणि वजन टेकले की फिरायचा थांबला पाहिजे. गोल वस्तूला थांबायचे कारणच नसते; वाऱ्याची झुळूक, बारीक लाट, काहीही तिला फिरवते. म्हणून या बोयाला आकार इंग्रजी 'एच' अक्षरासारखा देतात : दोन्ही बाजूंना चपटे, रुंद पंख आणि मध्ये बारीक कंबर, तिच्यावर दोरी. पाण्यावर चपटा पडला की एक पूर्ण गिरकी घ्यायला त्याला पंख पाण्यातून उचलावा लागतो. दोनशे ग्रॅमचे वजन खाली ओढत असताना ते जमते, नुसत्या वाऱ्याला जमत नाही.

घरी करायचा तर ४ सेंटिमीटर जाडीचा ईव्हीए फोम घ्या (जुनी योगा मॅट तीन-चार पदर चिकटवूनही चालते). १८ सेंटिमीटर लांब, १२ रुंद तुकडा कापा. मधल्या ८ सेंटिमीटरमध्ये दोन्ही बाजूंनी खाच घेऊन कंबर ५ सेंटिमीटरची करा. दोरी २ मि.मी. ची विणलेली नायलॉन, २५ मीटर. सुतळी नको, ती पाणी पिते, फुगते आणि महिन्याभरात कुजते. वजनाला शिसेच हवे असे नाही. २० मि.मी. बोल्टचे तीन नट एका कडीत ओवले की १८० ते २०० ग्रॅम होतात, आणि पाण्यात शिसे सोडल्याचे पापही नाही. दोरीचे आतले टोक कंबरेला पक्के बांधा. हे न बांधता नुसती गुंडाळणारे लोक एकदाच चुकतात, कारण बोया एकच असतो.

वारा जास्त असेल तर चपटा बोयाही हळूहळू दोरी सोडतो. त्याला इलाज म्हणजे पंखाच्या कडेला ब्लेडने एक तिरकी चीर. वजन टेकून दोरी सैल झाली की बोया हातात घेऊन दोरी त्या चिरेत दाबायची आणि पुन्हा सोडून द्यायचा. कायाकवरून हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

आता टाकायचा कुठे? माशांच्या डोक्यावर नाही. वजन आणि दोरी थेट त्यांच्यात पडली की थवा पांगतो, आणि नंतर गळाला लागलेला कटला पहिल्यांदा बोयाच्या दोरीलाच वेढा घालतो. जागेच्या पलीकडे, तुम्ही ज्या बाजूने गळ टाकणार तिच्या विरुद्ध बाजूला, सात-आठ मीटरवर टाका. उजनीसारख्या जलाशयात खरे मोल एका बोयाला नसून तिघांना आहे. तळाशी भीमेचे मूळ पात्र आहे, बुडालेले बांध, रस्ते, विहिरी आहेत, आणि मासा या कडांना धरून असतो. कायाक वल्हवत जायचे, फिशफाइंडरवर खोली ६ मीटरवरून एकदम ९ झाली की एक बोया, तीस पावलांच्या अंतराने पुन्हा तसेच झाले की दुसरा, मग तिसरा. पाण्यावर तीन ठिपके जोडले की खालच्या काठाची रेघ दिसते.

आणि बोया घरी नेल्यावरही जागा सापडावी म्हणून काठावरच्या खुणा जुळवून ठेवा. देवळाचा कळस आणि त्यामागची डोंगराची खाच एका रेषेत, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब आणि झाडाचा शेंडा एका रेषेत. दोन रेघा जिथे छेदतात ती जागा. दोन खुणा एकमेकींपासून जितक्या लांब, तितकी रेघ नेमकी. मोबाइलचा जीपीएस पाच-दहा मीटरचा घोळ घालतो. चांगली जुळवलेली रेघ त्याहून कमी. मात्र वहीत जागेबरोबर त्या दिवशीची खोलीही लिहा. धरणाचे पाणी उतरले की जागा तीच राहते, मासा राहत नाही.

प्रश्न : रात्री जाळे टाकतो. बोया मोठ्या बोटींना दिसत नाहीत, जाळे कापून जातात. बोयांना लाल दिवे लावावेत काय? किती उंच?
— एक वाचक, हर्णे

उत्तर : लाल नको, हिरवाही नको. समुद्रावर या दोन रंगांना ठरलेले अर्थ आहेत : बोटीची डावी आणि उजवी बाजू, किंवा बंदरात शिरायच्या वाटेचे काठ. पाण्यालगत एकटा लाल दिवा दिसला की समोरचा तांडेल तिथे बोट आहे असे समजून आपली बोट वळवतो, आणि बरोबर तुमच्या जाळ्यावर आणतो. पांढरा किंवा पिवळा, लुकलुकणारा दिवा लावा.

बोयांचा दिवा हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा तुमच्या होडीवर आहे. समुद्रातील टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला २६ वा नियम सांगतो की ट्रॉल (बोटीमागे ओढत न्यायचे जाळे) सोडून इतर पद्धतीने मासेमारी करणाऱ्या बोटीने रात्री एकाखाली एक लाल आणि पांढरा असे चहूकडून दिसणारे दोन दिवे लावावेत, आणि जाळे बोटीपासून १५० मीटरहून लांब पसरले असेल तर ज्या बाजूला जाळे आहे त्या बाजूला आणखी एक पांढरा दिवा. दिवसा त्या दिव्याच्या जागी टोक वर असलेला शंकू. येणाऱ्याला जाळे आहे हे तुमचा बोया दिसण्याच्या कितीतरी आधी, तुमच्या होडीवरूनच कळायला हवे.

उंचीचे म्हणाल तर पाण्यालगतचा बोया दिवसासुद्धा किती दिसतो याचा अंदाज घ्या. २० सेंटिमीटरचा बोया चांगल्या नजरेला सपाट पाण्यावर सातशे मीटरवर ठिपक्याएवढा होतो. मीटरभर लाट असली की निम्मा वेळ तो दरीत असतो, मग तीनशे मीटरवर दिसला तरी नशीब. म्हणून जाळ्याच्या दोन्ही टोकांना बावट्याचा बांबू हवाच.

बांबू ३ मीटरचा, बारीक पण भरीव. बुडापासून एक मीटरवर ८ ते १० लिटरचा फ्लोट, बुडाला अडीच-तीन किलो लोखंड. वजन कमी पडले की बांबू उभा राहत नाही, आडवा होऊन बावटा पाण्यात लोळतो. सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. वजन वाढवण्याऐवजी लोक बावटा लहान करतात. जाळ्याचा दोर बांबूला न बांधता फ्लोटच्या लगेच खाली, फ्लोटला वेढा घालून बांधा. बुडाला बांधला तर ओढ बुडाला खेचतो आणि शेंडा उलट बाजूला झुकतो. शिवाय बांबू मोडला तरी जाळे फ्लोटला राहिले पाहिजे.

बावटा ४० × ३० सेंटिमीटर पुरे. रंग एक न ठेवता दोन ठेवा. नारंगी सकाळी आणि ढगाळ हवेत उठून दिसतो, पण उन्हाच्या तिरिपेत सगळेच रंग मरतात आणि त्या वेळी काळा बावटाच दिसतो. पांढऱ्याचा उपयोग नाही. वारा सुटला की सगळा दर्याच पांढऱ्या फेसाचा होतो.

दिवा शेंड्याजवळ, निदान दीड मीटर उंचीवर. सेलवरचे एलईडी दिवे बंद पडतात ते सेल संपून कमी आणि पाणी शिरून जास्त. झाकणाच्या रबरी रिंगला दर वेळी सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवा, रिंगेत वाळूचा एक कण दिसला तरी पुसा, आणि होडी किनाऱ्याला लागली की सेल बाहेर काढून ठेवा. चमकणारी पट्टी (५ सेंटिमीटर रुंद, फ्लोटवर आणि बांबूवर सगळीकडून वेढा) जरूर लावा, पण तिच्यावर विसंबू नका. तिच्यावर प्रकाश टाकणाऱ्यालाच ती दिसते. सर्चलाइट न लावता येणाऱ्या बोटीला नाही.

बोयावर होडीचा नोंदणी क्रमांक न पुसणाऱ्या रंगाने लिहा. जाळ्यांवर मालकाची खूण असावी अशी मार्गदर्शक तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्यव्यवसाय समितीने २०१८ मध्ये मान्य केली, ती तुटून भरकटणाऱ्या जाळ्यांमुळे. तुम्हाला फायदा साधा आहे : सुटलेला बोया कुणाला सापडला तर परत कुठे द्यायचा ते कळते.

प्रश्न : कॅनचे बोये दोन-चार महिन्यांत चेपतात किंवा पाणी भरून बुडतात. थर्माकोल बरे का?
— एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : नाही. थर्माकोलचे दाणे सुटून किनाऱ्यावर येतात आणि मासे ते दाणे गिळतात. पेट्रोलचा थेंब लागला तरी ते विरघळते. गोणपाटात शिवले तर दाणे सुटायला चार दिवस जास्त लागतात इतकेच.

कॅन चेपतो त्याचे कारण बूच लावायच्या वेळेत आहे. दुपारच्या उन्हात कॅनमधली हवा ४५ अंशांवर असते. तेव्हा बूच घट्ट केले आणि कॅन २८ अंशांच्या पाण्यात गेला की आतला दाब शेकडा ५ ने उतरतो. ऐकायला कमी वाटते. पण १५ × २० सेंटिमीटरच्या एका बाजूवर तो १५ किलोचा भार आहे. तोच कॅन ओढाने तीन मीटर खाली गेला तर त्याच बाजूवर आणखी ९० किलो. बाजू आत जातात, कॅनची तरंगशक्ती जाते आणि ओढ थांबला तरी तो वर येत नाही. पहाटे, हवा थंड असताना बूच लावा. बुचाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप, वरून सिलिकॉन. दोर कॅनच्या मुठीला कधी बांधू नका, मुठीच्या आतल्या जोडावर तडा जातो. जुन्या जाळ्याच्या तुकड्यात कॅन गुंडाळून जाळ्याला दोर बांधा.

शीतपेयाच्या बाटल्या तर उन्हात दोन मोसमांत काचेसारख्या कडकडीत होतात. पैसे घालायचे असतील तर जाळ्याचे भरीव ईव्हीए किंवा पीव्हीसी फ्लोट घ्या. आतून पोकळ नाहीत, तेव्हा भोक पडले तरी बुडत नाहीत. पूर्वी पोहायला शिकणारी पोरे कमरेला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधत, त्यातही हेच तत्त्व होते. पांगारा मात्र आठवड्याभराच्या मुक्कामाला नको, तो पाणी पितो.

प्रश्न : बोयाजवळून जाताना दोर पंख्यात जातो. कोणत्या बाजूने जावे?
— एक वाचक, वसई

उत्तर : प्रवाहाच्या खालच्या अंगाने. बोया प्रवाहाने ढकलला गेलेला असतो, म्हणजे त्याचा दोर तुमच्याकडे नाही, वरच्या अंगाला तिरका तळाकडे जातो. बोयाला शेपटीसारखा दुसरा छोटा फ्लोट असेल तर तो खालच्या अंगाला तरंगत असतो, त्यालाही वळसा घाला. पाणी थांबलेले असेल तर कुठलीच बाजू भरवशाची नाही, वीस मीटर लांबून जा. एकाच रंगाचे दोन बोये जवळजवळ दिसले तर मधून अजिबात जाऊ नका.

बोया तुमचाच असेल तर दोष दोराचा आहे. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असते, त्याचा ढिला भाग पृष्ठभागावर सापासारखा पसरतो. नायलॉन बुडते. घरात पॉलिप्रॉपिलीनचाच दोर पडून असेल तर बोयापासून तीन मीटरवर दोनशे ग्रॅमचे शिसे बांधा, पृष्ठभागावर पसरणारा भाग खाली राहतो.

दोर गुंडाळलाच तर इंजिन लगेच बंद. उलटे फिरवून सुटेल या आशेवर राहू नका. दोर पंख्याच्या दांड्याचे सील (पाणी आत येऊ न देणारी कडी) फाडून आत जातो. आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेर लावलेले इंजिन) वर उचला, चावी खिशात टाका आणि मग कापा. करवतीच्या दात्यांची सुरी असेल तर वितळून घट्ट झालेला नायलॉनही कापला जातो, साधी सुरी घसरते.

प्रश्न : मुंबईत शिकलो तेव्हा बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा. इथे सगळे उलट सांगतात. मी चुकीचे शिकलो का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही बरोबर. १९८० मध्ये बोयांची पद्धत जगभर एक करायची ठरली तेव्हा या एका बाबतीत एकमत झाले नाही, म्हणून दोन विभाग पडले. भारत 'ए' विभागात : समुद्रातून बंदराकडे येताना लाल, डब्याच्या आकाराचा बोया डावीकडे; हिरवा, शंकूच्या आकाराचा उजवीकडे. उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स 'बी' विभागात : लाल उजवीकडे, हिरवा डावीकडे. आकार मात्र दोन्हीकडे बाजूलाच चिकटून आहेत, डावीकडे डबा आणि उजवीकडे शंकू. बदलतो तो रंग. गोंधळ झाला की आकार पाहा.

बाकीचे बोये दोन्हीकडे सारखेच. काळ्यावर लाल पट्टे आणि डोक्यावर दोन काळे गोळे : खाली एकटा धोका, चहूबाजूंनी पाणी. लाल-पांढरे उभे पट्टे : आजूबाजूला खोल, सुरक्षित पाणी. पिवळा आणि डोक्यावर फुली : विशेष खूण, नकाशात पाहा. काळे-पिवळे आणि डोक्यावर दोन शंकू : धोक्याच्या कोणत्या दिशेने जायचे ते सांगणारे. दोन्ही टोके वर म्हणजे उत्तरेने, दोन्ही खाली म्हणजे दक्षिणेने. टोकाला टोक म्हणजे पश्चिमेने. तो आकार पेल्यासारखा दिसतो, आणि बुडाला बूड लावलेला पूर्वेचा.

प्रश्न : गरवताना होडी अशा सरकारी बोयाला बांधली तर चालते का? आणि आमच्या स्वतःच्या खुणेच्या बोयाला?
— एक वाचक, रेवदंडा

उत्तर : सरकारी बोयाला नाही. तुमच्या वजनाने तो कलतो किंवा सरकतो, आणि त्याच्या भरवशावर रात्री येणारी बोट खडकावर जाते. नौकानयनाच्या खुणांना धक्का लावणे हा २०२१ च्या सागरी नौकानयन साहाय्य कायद्याखाली गुन्हाही आहे. तुमच्या खुणेच्या बोयालाही नाही, पण वेगळ्या कारणाने : त्याचा ठोकळा पाच-दहा किलोला धरायला केलेला असतो. सहा मीटरची फायबरची होडी मध्यम वाऱ्यातही त्याच्या कितीतरी पट ओढते. होडी आपल्या नांगरावर, बोयाच्या वरच्या अंगाला उभी करा आणि दोर सोडत बोयापासून दहा मीटरवर या. दोर सोडायला सुरुवात करायच्या आधी ओढ कुठल्या बाजूचा आहे ते बोयाच्या मागे उठणाऱ्या पाण्याच्या रेघेवरून पाहून घ्या, वाऱ्यावरून नाही.